आजऱ्याची वाट, गडहिंग्लजची गाडी: ऑल-टेरेन की मड टायर?

गाडी इसुझूची व्ही-क्रॉस, १.९ लिटर डिझेल, फोर बाय फोर पिकअप. मालक गडहिंग्लजचे, खतं-बियाण्यांचं दुकान चालवतात. आजऱ्याच्या पश्चिमेला, आंबोली रस्त्यावरून आत वळल्यावर त्यांची काजूची बाग आहे आणि बागेच्या खाली ओढ्याकाठी भाताची खाचरं. डांबर सोडल्यापासून बागेच्या फाटकापर्यंत साधारण तीन किलोमीटर कच्ची वाट. जूनच्या अखेरीस, काजूची कलमं लावायच्या दिवसांत, गाडी याच वाटेवर अडकली. दिवस मावळायच्या बेताला शेजारच्या ट्रॅक्टरनं ओढून काढली. आजरा-चंदगड पट्ट्यात रानहत्तीचा वावर आहे, त्यामुळे अंधारात गाडीपाशी थांबून राहणं ही तिकडे गमतीची गोष्ट नाही. दुसऱ्याच दिवशी मालकांनी ठरवून टाकलं, आता मड टायर, म्हणजे खास चिखलासाठीचे, घालायचे. पुतण्यानं मोबाइलवर पाच-सहा टायरचे फोटोही काढून ठेवले होते, सगळे एकापेक्षा एक दांडगे.

टायर सुचवायला मला बोलावलं होतं. मी म्हटलं, आधी वाट बघू.

वाट

कागदावर तीन किलोमीटर "चिखलाची वाट" लिहिली की मड टायरच डोळ्यासमोर येतो. प्रत्यक्षात त्या तीन किलोमीटरचे तीन वेगळे तुकडे होते आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं.

सुरुवातीचा, सर्वांत लांब तुकडा तांबड्या मुरमाचा. खाली जांभा आहे, वर तांबडी माती. पावसात वरची बोटभर माती मऊ होते, पण पायाची टाच रोवली की लगेच खाली टणक लागतं. ही माती चाकाला फार चिकटून बसत नाही, पाण्याबरोबर धुऊन जाते. इथे गाडी घसरते, पण बुडत नाही.

मधला तुकडा ओढ्याचा. ओढ्यात पाणी गुडघ्याच्या खालीच असतं, तळ गोट्यांचा आहे, तिथे काही अडत नाही. खरी अडचण ओढा ओलांडल्यावर. समोर उघडा कातळ, गाडीच्या दीडपट लांबीचा, चढाचा, आणि त्यावर हिरवंगार शेवाळ. गाडी अडकली ती इथे. कातळावर चाकं जागच्या जागी फिरली, गाडी तिरकी होत मागे सरकली आणि मागचं डावं चाक कडेच्या गटारात गेलं. या गाडीच्या मागच्या एक्सलला दोन्ही चाकं सारखी फिरवणारं लॉक नाही, त्यामुळे ते चाक फिरत राहिलं आणि उजवं नुसतं बघत राहिलं.

शेवटचा तुकडा दोनेकशे फुटांचा, खाचराच्या बांधाकडेनं जाणारा. ऊस आणि भाताचे ट्रॅक्टर जाऊन जाऊन तिथे खोल चाकोऱ्या पडल्यात. रोपलावणीच्या दिवसांत खाचरातलं पाणी झिरपून या चाकोऱ्यांत येतं आणि तिथे खरा, पायतणासकट पाय गिळणारा चिखल होतो. काठी घातली तर वीतभर सरळ आत गेली, मग टणक लागलं.

म्हणजे ज्या चिखलासाठी मड टायर घ्यायचे तो होता दोनशे फूट, आणि गाडी अडकली होती ती चिखलात नव्हे, शेवाळलेल्या दगडावर.

ट्रॅक्टरवाला तिथेच उभा होता. तो म्हणाला, "चाकाचं काय घेऊन बसलाय सर, त्या खाचराच्या कडंला आमच्या ट्रॅक्टरलाबी लोखंडी चाकं घालावी लागत्यात." त्याचं बरोबर होतं. चिखलणी करताना ट्रॅक्टरला केज व्हील लावतात, कारण रबराच्या त्या उंच पट्ट्यासुद्धा लिबलिबीत चिखलात हात टेकतात. पिकअपच्या मड टायरची नक्षी त्या ट्रॅक्टरच्या पट्टीच्या पासंगालाही पुरत नाही.

आधीचे टायर

गाडीला मूळचेच टायर होते, २५५/६० आर १८, म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के आणि रिम १८ इंची. नक्षीची खोली मोजली तर मधोमध तीन मिलिमीटरच्या आसपास, मागच्या दोन चाकांच्या खांद्याच्या गोट्या, म्हणजे नक्षीचे कडेचे उंच ठोकळे, पार गोल झालेल्या. कायद्यानं चारचाकीला १.६ मिलिमीटरपर्यंत चालतं, त्यामुळे पासिंगला अडचण नव्हती. डांबरावरही कुणाला काही जाणवलं नसतं. पण नव्या ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हीसाठी केलेल्या, टायरला साधारण दहा ते तेरा मिलिमीटर खोली असते, मड टायरला त्याहून दोन-तीन मिलिमीटर जास्त. तीन मिलिमीटरवर ओल्या मातीत टायर गोटाच झालेला असतो, मग त्याच्या बाजूवर काहीही छापलेलं असो.

हवेचं आणखी एक. आदल्या दिवशी खताची पोती वाहिली होती म्हणून मागच्या चाकांत हवा भरपूर मारलेली, ती तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी मागे फक्त कलमांच्या पिशव्या, म्हणजे वजन जवळजवळ नाही. रिकाम्या पिकअपचं बूड आधीच हलकं, त्यात टायर दगडासारखा टणक. कातळाला रबर टेकत होतं ते तळहाताएवढ्या जागेत. अशा वेळी कुठलीही नक्षी काय करणार?

मड टायर कुठे जिंकतो

मालकांचा आग्रह अगदीच चुकीचा नव्हता, म्हणून मड टायरची बाजू नीट मांडायला हवी. त्याच्या गोट्या मोठ्या आणि एकमेकींपासून लांब असतात. चिखल मधल्या खाचेत भरतो आणि चाक फिरलं की बाहेर फेकला जातो. यालाच टायर स्वतःला साफ करतो असं म्हणतात. त्यासाठी चाकाला थोडा वेग लागतो, ही गोष्ट मात्र बरेच जण विसरतात. पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलानं गेलात तर मड टायरच्या खाचाही भरूनच राहतात. चाकोरीत त्याच्या खांद्यावरच्या, बाजूपर्यंत उतरलेल्या गोट्या चाकोरीच्या भिंतीला पकडतात, आणि वर चढायला मदत करतात. बाजू जाड असते. बागेत झुडपं तोडल्यावर जे तिरके टोकदार खुंट राहतात ते टायरच्या बाजूत घुसतात, आणि बाजूचं पंक्चर निघत नाही, टायरच टाकावा लागतो. काजूच्या बागेत गाडी फिरवणाऱ्याला हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

हीच बाग गडहिंग्लजच्या पूर्वेला काळ्या रानात असती तर मी वेगळं बोललो असतो. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, टायरला थरावर थर चिकटत जाते, मडगार्डच्या आत भरून चाक धरून ठेवते. ऑल-टेरेनच्या अरुंद खाचा तिथे दहा फुटांत बुजतात आणि टायर गुळगुळीत रूळ होऊन जातो. तिथे मड टायर घ्या, नाहीतर वापसा येईपर्यंत गाडी रस्त्यावरच उभी करा. हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावून आजऱ्यावरून गडहिंग्लजला येते, तेवढ्या अंतरात मातीचा रंग बदलतो आणि त्याबरोबर टायरचं उत्तरही.

ओला कातळ आणि आंबोली घाट

आता ज्या जागी गाडी खरोखर अडकली तिकडे येऊ. ओल्या गुळगुळीत दगडावर पकड येते ती रबराच्या मऊपणामुळे, जमिनीला टेकलेल्या रबराच्या क्षेत्रामुळे आणि गोट्यांवरच्या बारीक चिरांमुळे. या चिरा पाण्याचा पातळ थर फोडतात, आणि प्रत्येक चिरेची कड दगडाला वेगळी पकडते. ऑल-टेरेनच्या प्रत्येक गोटीवर अशा चिरा असतात. मड टायरच्या मोठ्या गोटीवर त्या कमी, आणि गोट्यांमधली जागा जास्त असल्यामुळे टेकणारं रबरही कमी.

इथे कुणी अनुभवी माणूस मला अडवेल, की दगडांवर चढणारे लोक मड टायरच वापरतात. वापरतात, आणि उगीच नाही वापरत. पण ते दगड बहुधा खडबडीत किंवा कोरडे, कडा असलेले. टायर मऊ रबराचे. आणि हवा निम्म्यावर आणलेली. गोटी दगडाच्या कडेत अडकून गाडी वर खेचते. आपल्या कातळाला कड नव्हती, होतं ते शेवाळ.

मालकांची गाडी वर्षाला साधारण अठरा हजार किलोमीटर चालते. बागेला आठवड्यातून दोनदा फेरी धरली तरी कच्च्या वाटेचे वर्षाला सहाशेच्या आसपास किलोमीटर होतात. बाकी सगळं डांबर आणि काँक्रीट: कोल्हापूरला मालासाठी, वेंगुर्ल्याला कलमांसाठी, आणि वेंगुर्ल्याला जायचं म्हणजे भर पावसाळ्यात आंबोली घाट. महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांत आंबोलीचं नाव येतं. जुलैत तिथे धुकं, वळणावर वाहणारं पाणी, आणि धबधब्यापाशी वाटेल तशा उभ्या केलेल्या पर्यटकांच्या गाड्या. तिथे एकदम ब्रेक मारावा लागला तर गाडी किती फुटांत थांबते, हा प्रश्न मला ओढ्यापलीकडच्या कातळापेक्षा मोठा वाटतो. कातळावर घसरलात तर ट्रॅक्टर येतो. मड टायरच्या उंच, सुट्या गोट्या ब्रेक लागल्यावर डांबरावर लवतात, आणि ओल्या रस्त्यावर त्याला थांबायला जास्त अंतर लागतं.

आवाजाचं लोक फार बोलतात, मला ते दुय्यम वाटतं. मालकांच्या घरच्यांना तसं वाटलं नाही. ओळखीच्या एकाच्या मड टायरच्या जीपमधून त्या कोल्हापूरला जाऊन आल्या होत्या आणि निपाणीपर्यंतच डोकं उठलं असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. घरात अर्धं मत तिथेच फिरलं होतं.

प्रश्न रिमचा निघाला

ऑल-टेरेन घ्यायचे एवढं ठरल्यावर काम संपलं असतं. पण मूळ माप बघितल्यावर मला खटकत होतं ते वेगळंच. २५५/६० आर १८ या मापात टायरच्या बाजूची उंची येते १५३ मिलिमीटर. कच्च्या वाटेवर टायरकडून जे काम करून घ्यायचं असतं त्यातलं निम्मं ही बाजूच करते. हवा कमी केली की टायर खाली बसतो, जमिनीला टेकणारा ठसा लांब होतो, रबर दगडाच्या उंचसखल भागाला धरून बसतं. बाजू बुटकी असेल तर हवा फार कमी करता येत नाही, कारण खड्ड्यात रिम थेट दगडावर आपटते. अठराची रिम दुकानाच्या काचेसमोर उभी केली की छान दिसते, त्या वाटेवर तिचा काही उपयोग नाही.

सोळाच्या रिमवर २४५/७५ घातला तर बाजूची उंची १८४ मिलिमीटरच्या आसपास जाते. पूर्ण चाकाचा व्यास ७६३ वरून ७७४ मिलिमीटर, म्हणजे फरक दीड टक्क्याच्याही आत. स्पीडोमीटर किंचित कमी दाखवेल, गिअरिंग बिघडणार नाही, मडगार्डला घासणार नाही. रुंदी दहा मिलिमीटरनं कमी झाली तेही बरंच. ज्या चिखलाच्या तळाला टणक थर आहे तिथे अरुंद टायर चिखल कापून खाली पोचतो, रुंद टायर वर तरंगायला बघतो. आपल्या चाकोरीत वीतभर खाली टणक होतं. वाळूत हे गणित उलटं होतं, पण आजऱ्याला वाळवंट नाही.

सोळाची रिम ब्रेकच्या कॅलिपरला अडेल का, ही पुतण्याची शंका रास्त होती. याच पिकअपच्या हाय-लँडर भावंडाला, ज्यात इंजिनाचा जोर दोनच चाकांना जातो, कारखान्यातूनच सोळाच्या रिम येतात. तरी एक रिम आणून चारी चाकांवर हातानं फिरवून बघितली आणि मगच पैसे दिले. टायरचं माप कारखान्याच्या यादीबाहेर जात होतं, म्हणून विमा कंपनीला आधी मेलनं विचारून त्यांचं उत्तर लेखी घेतलं. अपघातानंतर सर्व्हेअर टायरवरचं माप वाचतो, तेव्हा हा कागद जवळ असलेला बरा.

कोणता ऑल-टेरेन

नाव सांगत बसत नाही, कारण आपल्या मापात कोणता मिळतो यावरच निम्मी निवड होते. जून २०२० पासून नव्या टायरची आयात परवान्याखाली आली, तेव्हापासून तालुक्याच्या गावी तर सोडाच, कोल्हापुरातही बाहेरच्या देशातले मड टायर हव्या त्या मापात मिळवणं जिकिरीचं झालं. जे मिळत होते त्यांची किंमत चांगल्या ऑल-टेरेनच्या दीडपट सांगितली गेली. हेही एक कारण होतंच, लपवत नाही: एक मड टायर खुंटानं फाटला तर त्याच्या जोडीचा दुसरा आठवडाभरात आणणार कुठून?

निवडताना तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, मापाच्या आधी एलटी, म्हणजे लाइट ट्रक, ही अक्षरं. एलटी टायरची बाजू आणि आतलं कापड जाड असतं, म्हणजे मड टायरकडून हवं होतं ते खुंटापासूनचं संरक्षण बऱ्याच अंशी इथेच मिळालं. या मापात एलटीचा भारांक बहुतेक १२०, म्हणजे एका चाकाला १४०० किलो. साध्या टायरचा १११, म्हणजे १०९० किलो. खताची पोती वाहणाऱ्या गाडीला हा फरक उगीच नाही. पण एलटीला तेवढाच भार पेलायला हवा जास्त लागते. दारावरच्या पट्टीवरचा आकडा मूळ टायरसाठी आहे, तो इथे चालत नाही. मालकांसाठी मागच्या चाकांचे दोन आकडे काढून दिले, रिकाम्या गाडीचा आणि भरल्या गाडीचा, आणि ते डॅशबोर्डवर चिकटवले.

दुसरी, गोट्यांवरच्या चिरा किती खोल आहेत. काही टायरांत त्या वरवरच्या असतात, तिसऱ्या भागाएवढी नक्षी झिजली की गायब. दुकानात खिळा घालून बघता येतं. तिसरी, टायर कधी बनला. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ज्या मापाला फार गिऱ्हाईक नाही ते गोदामात पडून राहतं आणि रबर कडक होतं. दाखवलेल्या पहिल्या संचात एक टायर बाकीच्यांपेक्षा अडीच वर्षांनी जुना निघाला. दुकानदारानं काही न बोलता बदलून दिला.

टायर पाच घेतले. फोर बाय फोरला स्टेपनी वेगळ्या व्यासाची चालत नाही, आणि अठराची जुनी स्टेपनी सोळाच्या चार चाकांबरोबर ठेवणं म्हणजे अडचणीच्या वेळी नवी अडचण. सोबत बॅटरीला चिमटे लावून चालणारा छोटा कंप्रेसर, हवा मोजायचं बरं मीटर आणि अडकलेल्या चाकाखाली घालायचे दोन रिकव्हरी बोर्ड. मड टायर आणि ऑल-टेरेनच्या किमतीतल्या फरकात हे सगळं बसून वर पैसे उरले.

पुढच्या पावसाळ्यात

डांबर सोडलं की फाट्यावर गाडी थांबवायची, हवा अठरा पीएसआयवर आणायची, कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या लो रेंजला टाकून दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश जायचं, आणि परत डांबरावर येण्याआधी हवा भरायची. सुरुवातीला मालकांना हे सोवळ्यातल्या विधीसारखं वाटलं. मग पुतण्यानं एकदा हवा न काढता कातळावर गाडी घातली आणि ती पुन्हा तशीच मागे सरकली. टायर नवे, वाट तीच. हवा काढून पुन्हा लावली तेव्हा गाडी न थबकता वर गेली. तेव्हापासून पुतण्या स्वतःच मीटर घेऊन उतरतो.

शेवाळावर मालकांनी त्यांच्या परीनं उपाय केला. मृगाच्या आधी माणसं लावून कातळ तारेच्या ब्रशनं खरवडून घेतला आणि छिन्नीनं आडव्या खाचा पाडल्या. याचा उपयोग कोणत्याही टायरइतकाच झाला असं माझं प्रामाणिक मत आहे.

खाचराच्या कडेचा तुकडा मात्र सुटला नाही. जुलैच्या एका झडीत गाडी तिथे चाकोरीत बसली, पोट मधल्या उंचवट्याला टेकलं. पोट टेकल्यावर नक्षीचा काही संबंध राहत नाही; बोर्ड घालूनही हलली नाही, ट्रॅक्टरच लागला. मड टायर असते तर निघाली असती का? त्यांच्या बाजूच्या गोट्यांनी कदाचित चाकोरीच्या भिंतीवर चढून बाहेर काढलीही असती, पण व्यास तेवढाच असल्यामुळे पोट तेवढंच खाली राहिलं असतं. मला शक्यता निम्मी-निम्मी वाटते. मालकांना अजूनही वाटतं की निघाली असती.

मायलेज थोडं उतरलंय, जड टायरचा तेवढा कर द्यावाच लागतो. घाटात गाडी पूर्वीपेक्षा बरी थांबते, पण झिजलेल्या टायरशी तुलना करून नव्याची फार तारीफ करण्यात अर्थ नाही. मागची चाकं पुढे, स्टेपनीसकट पाचही टायर फिरवत, दर आठ-दहा हजार किलोमीटरला अदलाबदल चालू आहे. खाचराच्या कडेनं जांभ्याचे चिरे टाकून दोन पट्ट्या करायला शेजारी तयार झालाय, भात कापून झाल्यावर. चिरे मालकांचे, वाहून आणायला ट्रॅक्टर त्याचा.